रसम निवतंय

ट्रेलर संपला. कुणीतरी खिडक्यांचे पडदे सरकवले, आणि संयुक्ता मॅडमनी वर्गाला विचारलं, "सांगा, सगळ्यांत जास्त भीती कुठे वाटली?"

भराभर हात वर झाले. आरशाचं कुणी नाव काढलं नाही. जिन्यावरच्या रक्तासाठी श्रीहरीने घरातलं सगळं बीट किसून संपवलं होतं, त्याचंही नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं: शेवटी पडदा काळा होतो आणि एका बाईचा आवाज येतो ना, तो!

"सेम्म, मॅडम! भारीच! अंगावर काटा आला."

"शाप देतेय ना ती? कुठली भाषा ही?"

"भाषाबिषा नाही रे, मंत्र आहे तो."

दिग्दर्शक म्हणून श्रीहरीची मान ताठ झाली. तरी मोठ्या मनाने तो म्हणाला, "आवाजाचं सगळं काम कीर्तनाचं."

कीर्तना पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तो आवाज तिच्या अम्माचा होता. येताना कढीपत्ता आण, असा निरोप अम्माने फोनवर बोलून पाठवला होता, आणि बटण सोडायला विसरून तशीच स्वयंपाकघरातून अप्पांना हाक मारली होती. तंजावरहून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आणलेल्या घरच्या मराठीत. "अहो, जेवाला या हो. रसम निवतंय." आता अम्मा नव्हती. एवढी हाक राहिली होती, आणि ती फक्त कीर्तनाच्या फोनमध्ये. अप्पांना ऐकवायचा धीर तिला झाला नव्हता. आत्ता कुठे ते आपलं आपण पान वाढून घ्यायला लागले होते.

दुसरा कुठला आवाज मिळेना, म्हणून तिने ती हाक संथ केली, खाली ओढली, तिला विहिरीतला घुमारा दिला. तेवढ्यापुरतं लावू, मग बदलू. तमिळ बोलणाऱ्या या वर्गात कुणाला मराठीचं अक्षर कळत नाही, हीच काय ती सोय.

"मॅडम, तो आवाज मी काढणार आहे," ती म्हणाली. "तात्पुरता लावलाय."

"वेडी आहेस? तोच तर जीव आहे ट्रेलरचा! स्पर्धेला हाच जाणार. प्रेक्षक काय सांगतात ते ऐकायला शीक जरा."

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि अप्पांचं डोकं आत आलं. हातात डब्याची पिशवी.

कीर्तनाने त्यांना बोलावलं नव्हतं. पण 'प्रेक्षक हवेत, घरच्यांनाही आणा' असं श्रीहरीने व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं होतं. अम्मा गेल्यापासून अप्पा ओळखीपाळखीच्या यच्चयावत माणसांची स्टेटसं नेमाने बघत. दुसरं करणार काय?

"वेळ झाला काय गे? अंबत्तूरहून यायाचं म्हणजे..."

"अप्पा, संपलं सगळं. तुम्ही कँटीनमध्ये बसा, मी आलेच."

"वांग अंकल, वांग! या, या!" श्रीहरी धावलाच. "संपलं कुठे? तुमच्यासाठी पुन्हा लावतो की!"

ताजा प्रेक्षक मिळाल्यावर मॅडम कशाला सोडतात? पडदे ओढले गेले. कीर्तना लॅपटॉपकडे झेपावली, पण तो श्रीहरीने मांडीवर घेतला होता. "आवाज बंद कर," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"गप्प बस गं. कलाकाराला असंच होतं."

आरसा गेला. जिना गेला. पडदा काळा झाला, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"आलो," मागून उत्तर गेलं.

घरी अम्मा तीनदा हाक मारायची. अप्पा पहिल्याच हाकेला आलो म्हणायचे आणि पेपरचं पान उलटायचे. आज मात्र बाक करकरला. आलो म्हणून अप्पा खरंच उठले होते.

मुली किंचाळल्या, आणि अख्ख्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"सूपर, अंकल! कीर्तना, ठरवून आणलंस ना त्यांना?"

"हे ठेवायचं!" मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "प्रेक्षकांतून उत्तर! श्रीहरी, यांचा आवाज रेकॉर्ड करून घे."

श्रीहरीने माइक अप्पांपुढे धरला. "अंकल, फीडबॅक? भीती वाटली?"

अप्पांनी माइककडे पाहिलं नाही. ते कीर्तनाकडे बघत होते. तिला रडू फुटत होतं, आणि एवढ्या लोकांत ते गिळण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

"परत एकदा लाव," अप्पा म्हणाले.

वर्ग खूश. याहून मोठी दाद कुठली!

पुन्हा अंधार. अप्पा बसले नाहीत. मान पुढे काढून, कानामागे हात धरून ते उभे राहिले. अख्खा वर्गही आता त्याच जागेची वाट बघत होता.

पडदा काळा झाला, आणि सगळे जण एका सुरात, हेल काढून ओरडले, "आलोऽऽ!"

मग हसू. बाकं बडवणं. कुणीतरी शिट्टी मारली. त्या सगळ्याखाली कधीतरी हाक आली आणि संपलीही.

पडदे सरले. अप्पांचा हात अजून कानामागेच होता.

"कीर्तना," ते म्हणाले, "ऐकूच आलं नाही गे मला."