वाटेत थांबायचं नाही

"इथे नको," मागच्या सीटवरून होनोराता म्हणाली आणि देल्फिनने ब्रेकवर ठेवलेला पाय पुन्हा उचलला.

पगुदपुदचा किनारा उजव्या हाताला आला तसा मागे गेला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, मरिबेलने, पोटावरचा हात दुसऱ्या बाजूला नेला. सहावा महिना, रात्रभराचं जागरण आणि त्यात ही सासू. तिघंही इतकी दमली होती की बाहेर एवढा निळा समुद्र पसरलेला असून त्याच्याकडे कोणी धड बघत नव्हतं.

क्लावेरियाला देल्फिनच्या वडिलांच्या शवपेटीपाशी रात्र जागवून ते परतत होते. अशा जागरणाहून कोणी सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी उतरायचं, काहीतरी खायचं, चार माणसांत मिसळायचं आणि मेलेल्याला तिथेच झटकून टाकायचं. नाही झटकलं तर तो मागोमाग घरात येतो. मरिबेलचा यावर ठाम विश्वास. देल्फिनचा तेवढा नव्हता, पण बायको पोटुशी असताना नवऱ्याने असल्या बाबतीत शहाणपण पाजळू नये, एवढी अक्कल त्याला होती.

पण होनोराता उतरायला तयार होईना. आधी गुडघे दुखत होते. मग पवनचक्क्यांपाशी वारा फार होता. मग घरी डुक्कर उपाशी असल्याची आठवण झाली. मरिबेल चिडली की नवऱ्याकडे बघायची, आई अडली की आरशातून त्याच्याकडे बघायची. अडकित्त्यातल्या सुपारीसारखी त्याची गत झाली होती.

आईला दोष द्यावा असंही त्याला वाटेना. त्याचा बाप प्रुदेन्सियो मासेमारीला म्हणून क्लावेरियाला गेला तो एकोणीस वर्षं तिकडेच राहिला, मासे विकणाऱ्या एका विधवेच्या घरात. समुद्र तोच, रस्ता तोच, तरी एकदाही परत फिरकला नाही. काल रात्री ती बाई पेटीच्या उशाशी बसून सांत्वनं घेत होती आणि लग्नाची बायको भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर. होनोराताच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माती परवा होती, त्यालाही थांबायला ती तयार नव्हती. निघताना मात्र पेटीच्या काचेवर वाकून ती बराच वेळ काहीतरी पुटपुटली. एकोणीस वर्षांच्या शिव्या असणार, देल्फिनला वाटलं. बरं झालं, एकदाचं मन मोकळं झालं.

बाप होडीत पक्का, पण चार चाकांवर बसला की दुसऱ्या वळणाला ओकायचा. त्यामुळे या रस्त्याने सगळं घर मिळून कधी फिरायला आलंच नव्हतं. आज पहिल्यांदा आलं, तेही असं. सकाळी पाटापाटच्या वळणांवर होनोराताने दोनदा बजावलं होतं की गाडी हळू घे, पोटात ढवळतं. सासूला आपली काळजी आहे हे बघून मरिबेलला तेव्हा बरं वाटलं होतं.

पासुकिनच्या बेकरीपाशी मात्र मरिबेलने स्वतःच गाडी थांबवायला लावली. इथून पुढे थेट सासूचं घर आणि मग त्यांचं.

"आई, हे शेवटचं ठिकाण. माझं नका ऐकू, पण नातवंडासाठी तरी उतरा."

"एकोणीस वर्षं तो माझ्यासाठी थांबला नाही," होनोराता म्हणाली. "आणि मी त्याच्यासाठी भर रस्त्यात थांबू?"

"त्यांच्यासाठी नाही हो. ते मागे येऊ नयेत म्हणून."

"माझ्या मागे?" म्हातारी हसली. "जिवंतपणी कधी आला नाही तो."

आपल्या आईचा अपमान इतका जुना आहे की तो आता तिला बोचतही नाही, याचं देल्फिनला फार वाईट वाटलं.

होनोराताचाच आवाज मग नरम झाला. "तुम्ही दोघं उतरा. नीट झटका अंग. पोरीला काही होता कामा नये. मी बसते इथे. आणि जाताना दार लावून घ्या, वारा लागतो."

दोघांनी बेकरीत उभ्या उभ्या बिस्कोचो खाल्ले. मरिबेलने चार अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या, झग्याचा घेर पुन्हा पुन्हा झटकला आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. परत आले तेव्हा सगळी सीट मोकळी असूनही होनोराता खिडकीकडेला अंग चोरून बसलेली होती. केवढीशी झालीय आपली आई, देल्फिनला वाटलं.

बाकाराला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. आपलं झटकून झालं होतं, पण सासूचं नाही, म्हणून मरिबेल त्या घरात पाऊल टाकणार नव्हती. तिने गाडीतूनच निरोप घेतला. देल्फिन पिशवी घेऊन आईबरोबर दारापर्यंत गेला. बंद खिडक्या, निजलेलं अंगण. आईला इथे एकटीला सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं.

"चल ना आमच्याकडे," तो म्हणाला. "बाळ होईपर्यंत तरी. एकटी काय करशील?"

तिने कुलूप काढलं, दार पुरतं उघडलं आणि ते हाताने धरून उभी राहिली.

"ये आत."

"नको आई, मरिबेल ताटकळलीय गाडीत."

"तुला नाही रे," होनोराता म्हणाली आणि तिने त्याला हळूच वाटेतून बाजूला सारलं.