‘मे’च्या मागोमाग ‘स्टिल’

“आतल्या खोलीची कडी बाहेरून कशाला?” पाळणाघर बघून परतताना सासूबाईंनी विचारलं होतं. पोरं जिन्याकडे पळू नयेत म्हणून असेल, असं म्हणून तिने विषय उडवून लावला. आईंना मेलं सगळीकडे काळंबेरंच दिसतं, हेही रात्री नवऱ्याला हसत सांगून झालं.

मग एके दिवशी ती लवकर सुटली आणि लेकीला न्यायला गेली. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. घरात चिटपाखरू नाही. आतल्या खोलीला कडी. कडी काढली तर लेक दाराशीच बसलेली, रडून रडून आवाज बसलेला. एवढ्यात पाळणाघरवाल्या मावशी जिना चढून आल्या. “झोपली होती हो. आत्ताच तर खाली गेले,” म्हणाल्या, आणि पिशवीतून बिस्कीट काढून पुढे केलं.

आजही लेक घरातलं कुठलंच दार लावू देत नाही.

आणि आज त्याच मावशी, ती शिकवायची त्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मागच्या बाकावर, पदर सावरून, मान खाली घालून. त्यांना परदेशात मूल सांभाळायचं काम मिळत होतं. उद्याच्या तोंडी परीक्षेत पास झाल्या की निघाल्याच. पास करणं बाईंच्या, म्हणजे तिच्याच, हातात. नापास करायला काय, एक फुली पुरली असती. पण तेवढ्याने तिचं पोट भरणार नव्हतं. मावशींनी ते स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं होतं, आणि तेही व्याकरणशुद्ध.

तिने फळ्यावर लिहिलं: द चाइल्ड हू शुड नेव्हर हॅव बीन लेफ्ट अलोन. जे मूल कधीच एकटं ठेवायला नको होतं, ते. मग तिने समजावलं की आपल्याकडे ‘कधीच’ आधी येतं आणि ‘हवं-नको’ शेवटी. इंग्रजीत ‘हू’च्या पाठोपाठ ‘शुड’ बसतं आणि ‘नेव्हर’ त्याला चिकटून. ‘मे’चंही तसंच, ‘मस्ट’चंही तसंच. पुढच्या बाकावरच्या टॅक्सीवाल्याने लगेच वाक्य जुळवलं: द पोलीस हू मे सडनली कम. वर्ग हसला. मावशी हसल्या नाहीत. त्या फळ्याकडे बघत होत्या.

त्यांची पाळी आली. “द चाइल्ड हू नेव्हर...” इथेच अडलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा ‘नेव्हर’ आधी. तिने शांतपणे, अगदी लहान मुलाला घास भरवावा तसं, परत सांगितलं. मावशींच्या कपाळावर घाम आला. तिला बरं वाटलं. किती दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

वर्ग सुटला. टॅक्सीवाला गेला, बाकीचेही गेले. मावशी पिशवी उचलून उठल्या, तशी तिने हातानेच बसवलं.

“मॅडम, उद्या म्हणून दाखवते ना. आज जरा निघते.”

“घाई कसली, मावशी? आत्ताच तर आलात.”

ते ‘आत्ताच तर’ कुणाचं, हे मावशींना बरोबर कळलं. त्या बसल्या. घड्याळाकडे बघायच्या, दाराकडे बघायच्या. तिने उठून दार लोटून घेतलं. शेवटी कितीतरी वेळाने मावशींच्या तोंडून ते वाक्य सबंध बाहेर पडलं. ‘शुड’, मग ‘नेव्हर’.

खरं तर इथे सोडायला हवं होतं. हवं ते मिळालं होतं. पण तोंडाला चव आली होती.

“आता ‘मे’ आणि ‘स्टिल’. आणि हे फळ्यावरचं नको, तुमच्या मनाचं सांगा.”

मावशी बाकाच्या कडेकडे बघत, एकदाही न अडखळता म्हणाल्या, “द चाइल्ड हू मे स्टिल बी स्लीपिंग.” जे मूल अजून झोपलेलं असू शकेल, ते.

‘मे’च्या मागोमाग ‘स्टिल’. बिनचूक. “बरोबर,” ती सवयीने म्हणून गेली. खडू खाली ठेवता ठेवता तिचा हात थांबला.

“कुठलं मूल, मावशी?”

“एकाची आई यायची राहिली होती. गाढ झोपला होता. म्हटलं, वर्ग सुटला की पळतच जाईन.”

“कडी?”

मावशींनी मान खाली घातली. बाहेर अंधार पडत आला होता. हा वर्ग सुटून कितीतरी वेळ झाला होता, आणि मावशींना धरून कुणी ठेवलं होतं, हे काही फळ्यावर लिहून दाखवायला नको होतं.

त्या मुलाच्या आईचा फोन लागत नाही. दोघी धावत सुटल्या आहेत, पण पाळणाघर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि पुलावर गाड्या तुंबल्या आहेत. तुम्ही कुणी त्या बाजूला राहत असाल, तर हातातलं काम टाकून जरा बघून या. बेकरीच्या वरचा मजला. बाहेरचं दार लोटलेलंच असतं. आत जाऊन हाक मारा; उत्तर आलं नाही तरी परत फिरू नका. आतल्या खोलीचं दार आतून उघडत नाही.