मागं वळू नको

बिरदेवचं यान पुन्हा मागं वळलं आणि फुटलं. टीव्हीच्या पडद्यावर ठिकऱ्या उडाल्या, मोहीम फसल्याची लाल अक्षरं आली. उत्कर्षानं हातातला कंट्रोलर सतरंजीवर आदळला.

“दादा, मागं वळू नको म्हणून किती येळा सांगायचं? म्होरं दार उघडं हुतं. सरळ घुसायचं सोडून माझ्याकडं कशाला आलास?”

“तुझं कवच संपलं हुतं.”

“संपू दे की. त्यातच तर जोर हाय.”

हे तिनं त्याला सांगावं म्हणजे कमालच होती. या खेळातलं गुपित मागच्या सुट्टीत बिरदेवनंच शोधलं होतं आणि गावभर मिरवलं होतं. यानाचं कवच पार संपलं, यान लाल झालं, की त्याच्या तोफा थोडा वेळ दुप्पट मारा करतात. तेवढ्यात लाल यानानं शत्रूला गुंतवायचं आणि जोडीदारानं मोठ्या जहाजाच्या दारातून आत शिरायचं. सगळं तोंडपाठ, पण बहिणीचं यान लाल झालं की या फौजी गड्याचा हात आपोआप मागं वळायचा.

त्याची सुट्टी आज संपत होती. भरलेली सॅक दाराशी होती, संध्याकाळी मिरजेहून गाडी. फौजेत पहिल्यांदा जाताना नेलेली त्याची काळी ट्रंक आता घरी टीव्ही ठेवायच्या कामाची उरली होती. उत्कर्षाचं लष्करी पोलिसांच्या भरतीत नाव लागलं होतं. जाऊ का, असं तिनं विचारलं की आबा म्हणायचे, “बिरदेव म्हणंल तसं.” आणि बिरदेव अख्खी सुट्टी काहीच म्हणत नव्हता. नको म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. तिचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

“खेळात मी मेले तरी परत सुरू हुतंय, दादा.”

“तिकडं हुत न्हाई.”

उंबऱ्यात लोकरीला पीळ घालत बसलेल्या आबांचा हात थांबला. तिकडं म्हणजे कुठं, ते विचारायची कुणाला गरज नव्हती.

“मग तू कसा जातोस?” उत्कर्षा म्हणाली.

बिरदेवनं खेळ पुन्हा सुरू केला. “बिरोबाची आण. ह्या खेपंला वळत न्हाई.”

आणि खरंच वळला नाही. तिच्या यानाला दोनदा दणका बसला तरी ओठ चावत सरळ जात राहिला. पण नशीब असं, की ऐन दाराशी त्याच्याच यानावर चौफेर मारा झाला. कवच संपलं. यान लाल झालं.

“जा म्होरं, उत्कर्षा. मी धरतो हितं.”

समोर दार सताड उघडं होतं. कितीतरी दिवस ती या एका दाराची वाट बघत होती. तिनं यान गर्रकन फिरवलं, त्याच्याभोवती जमलेल्या शत्रूंच्या मधोमध घातलं आणि काही कळायच्या आत दोन्ही यानं फुटली. पुन्हा तीच लाल अक्षरं आली.

उत्कर्षाला रडूच आलं. दुसऱ्या कुणावर चिडायची सोयही राहिली नव्हती.

“तू का वळलीस?”

“म्हायती न्हाई. हात वळला.”

बिरदेवनं कंट्रोलर खाली ठेवला. मग आबांकडं वळून म्हणाला, “असं माणूस शेजारच्या चौकीवर असलं की झोप लागती, आबा.”

आबा पुन्हा लोकरीला पीळ घालू लागले.

“मेंढरांवर खूण करायचा रंग हाय का शिल्लक?”

“हाय थोडा. कशाला रं?”

बिरदेवनं टीव्ही उचलून खाली सतरंजीवर ठेवला. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. त्यावरची धूळ त्यानं तळहातानं पुसली.

“हे खोडून तिचं घालाय पायजे.”