एक थेंब आत येणार नाही

मांजर्लीच्या आमच्या सोसायटीत हेमचंद्रकाकांची चाळीस वर्षं जुनी पिकअप उभी असते. काका तिला व्हिंटेज म्हणतात, सुनेत्राकाकू खटारा म्हणतात. दारांच्या काचांचं रबर पार सडलेलं, त्यामुळे पावसात काकू गाडीत बसूनही छत्री उघडायच्या.

यंदा काकूंनी निक्षून सांगितलं, "रबर बदला, नाहीतर मी या खटाऱ्यात पाय ठेवणार नाही." काकांनी उल्हासनगरची दुकानं पालथी घातली, नेमक्या मापाचं रबर शोधलं आणि समोर उभं राहून बसवून घेतलं. मग पाइपने काचांवर पाणी मारून अख्ख्या सोसायटीला दाखवलं. "बघा, एक थेंब आत येणार नाही!"

रविवारी अंबरनाथला काकूंच्या भाचीकडे बारसं होतं आणि पाऊस नुसता कोसळत होता. काकू नवी साडी नेसून, छत्री मुद्दाम घरी ठेवून, ऐटीत खाली उतरल्या. काका पिकअपवर ताडपत्री बांधत होते.



"अगं, छत्री आण, रिक्षाने जाऊ. एवढं नवंकोरं रबर, पावसात खराब नाही का होणार?"