पहिल्या गिअरला

न्यूट्रलमध्ये इंजिन छान चालत होतं. काकांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि ते एकदम मेलं.

"बघितलंस? तीन आठवडे हेच चाललंय."

मेकॅनिकने मान डोलावली. तो अजून गॅरेजच्या दारातच उभा होता. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

दोन वर्षं तो या घराकडे फिरकला नव्हता. काकांचा मुलगा त्याचा शाळेपासूनचा मित्र. मित्राची मोटरसायकल तोच बघायचा. शेवटची सर्व्हिसिंगही त्यानेच केली होती, मागचे ब्रेक बदलून. दुसऱ्याच दिवशी सकाळी कामावर जाताना एका डाव्या वळणावर गाडी आडवी झाली आणि मुलगा जागीच गेला. "याने ब्रेक अर्धवट ठेवले," काका पोलिसांना म्हणाले, नातेवाइकांना म्हणाले, पुढे भेटेल त्याला म्हणत राहिले. चौकशीत काही निघालं नाही, पण गिऱ्हाइकं तुटायची ती तुटलीच. कोणी विचारलं की मेकॅनिक एवढंच सांगायचा, "ब्रेक मी दोनदा तपासले होते."

आणि आज काकांनीच बोलावलं होतं. बाकीचे सगळे बघून हात टेकून गेले होते.

गाडी मुलाच्या हौसेची. सांगाडा, चाकं, पत्रे असं सगळं सुटं खोक्यांतून आलेलं; घरी बसून जोडायचं आणि मोटरसायकलचं इंजिन बसवायचं. दोन सीटांची, खेळण्यातली वाटावी अशी. मुलगा गेल्यावर काकांनी ती एकट्याने उभी केली, त्याच्याच मोटरसायकलचं इंजिन घालून. येत्या रविवारी सून नातीला घेऊन माहेरी जाणार होती, कायमची. जाण्याआधी नातीला तिच्या बाबांच्या गाडीतून एक चक्कर मारून आणायची, हा काकांचा हट्ट.

"प्लग नवीन, कॉइल नवीन, बॅटरी नवीन," काका म्हणाले. "माझा जन्म टेलिफोनच्या वायरींत गेला. पण ही बया दाद देत नाही."

मेकॅनिकने एक प्लग काढला, त्याला टोपी लावून इंजिनाला टेकवला. न्यूट्रलला निळी ठिणगी पडत होती. गिअर टाकला की गुल. म्हणजे ठिणगी पाडणारं सगळं धड होतं. वाटेत कुठेतरी तिला अडवलं जात होतं. तो सीटखाली आडवा झाला आणि वायरी चाचपत पुढे सरकला. नव्या वायरी काकांनी मेणदोऱ्याने बांधल्या होत्या, मोजून घातल्यासारख्या गाठी. त्यांच्यामागे मोटरसायकलवरून तसाच उचललेला जुना जुडगा होता, चिखलाने कडक झालेला.

"काका, साइड स्टँडच्या स्विचची वायर कुठे गेली?"

"ती होय? ती मी मोटरसायकलवर असतानाच थेट जोडून टाकली होती. स्विचमध्ये चिखल जायचा आणि गाडी भर रस्त्यात बंद पडायची. पोरगा पार वैतागला होता. एका सुट्टीच्या दिवशी बसलो आणि केलं काम." काकांचा आवाज जरा खुलला. "नंतर एकदाही बंद पडली नाही."

मेकॅनिकचा हात थांबला.

जोड त्याच्या बोटांखालीच होता. वर मेणदोऱ्याच्या तशाच गाठी, आत हिरवं पडून निसटलेलं तांबं. दोष सापडला होता: जोड सुटल्यामुळे इंजिनाला स्टँड खालीच आहे असं वाटत होतं. पण तो स्विच असतो कशासाठी, हे त्याला ठाऊक होतं. स्टँड वर घ्यायचा राहिला तर गिअर टाकताच इंजिन बंद पडावं, माणसाने तसंच निघू नये, यासाठी. स्टँड डाव्या बाजूला असतो आणि वळणही डावं होतं. त्या दिवशी रस्त्यावरचा ओरखडा त्याने स्वतः पाहिला होता. तो टायरचा काळा पट्टा नव्हता. लोखंडाने डांबर खरवडलं होतं. तुटलेला स्टँड कडेला पडला होता. पडताना तुटला असेल, असं सगळ्यांनी धरलं. त्यानेही.

एवढं बोललं की दोन वर्षांचा डाग धुऊन निघणार होता.

त्याने तांबं घासलं, जोड पक्का केला, टेप गुंडाळली. काकांनी पहिला गिअर टाकला. इंजिन चालूच राहिलं. गाडी हातभर पुढे सरकली. वरच्या खिडकीत नात टाळ्या पिटायला लागली.

काकांनी इंजिन बंद केलं. क्षणभर ते हसले. मग कपाळावर आठी आली.

"पण स्टँडचा आणि गिअरचा काय संबंध रे? असा स्विच ठेवतातच कशाला?"

मेकॅनिक फडक्याला हात पुसत होता. पुसून झालेले हात त्याने पुन्हा पुसले.

"चोरीसाठी, काका. उभी गाडी कोणी पळवू नये म्हणून."

"म्हणजे मी तो काढला, त्याने काही..."

"छे. त्याने काय होणार?"

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. बोलले तेव्हा आवाज फाटला होता. "मग माझं पोर गेलं कशाने? रोज रात्री हेच डोक्यात. आज खरं सांग. मी काही करणार नाही तुला. ब्रेक राहिले होते ना तुझ्याकडून?"

मेकॅनिकने पाने एकेक करून पेटीत ठेवले. झाकण लावलं.

"हो काका," तो म्हणाला. "माझ्याकडूनच राहिले होते."