फांग साहेबांचे बूट

युनपिंग परगण्याचा चांगला अधिकारी बदली होऊन निघाला की लोक वेशीत त्याची पालखी अडवत, पायातले बूट ओढून काढत आणि आठवण म्हणून वेशीच्या कमानीला टांगत. वाईट अधिकारी निघाला तर कुत्रंसुद्धा भुंकायची तसदी घेत नसे.

फांग साहेब मात्र पालखीत बसून मनात म्हणत होते, आपल्याला कुणी अडवू नये बाबा. त्यांच्या उजव्या बुटाला तळाशी वाटीएवढं भोक होतं.

"पाय पोटाशी घ्या," बायको कुजबुजली. "कधीची सांगतेय, नवे घ्या म्हणून. आता चारचौघांत लाज जाणार."

पालखी अडलीच. टोफू विकणाऱ्या छ्यू आजीने बूट ओढून काढले, तेव्हा उजव्याच्या भोकातून तिचा हात मनगटापर्यंत बाहेर आला. साहेबांचे कान लालबुंद.

आजी शिडीवर चढली आणि बुटाचा तळ रस्त्याकडे करून टांगू लागली.

"आजी, तो भिंतीकडे फिरवा हो," साहेब काकुळतीला आले. "भोक दिसतंय."

"दिसू दे की, लेकरा," आजी म्हणाली. "उद्या नवे साहेब याच वेशीतून आत येणार आहेत."