जाड काचेच्या बांगड्या

बांगडीवाल्या हुसेनबीचा एकच तोरा होता. "माझ्या बांगड्या दोन सुगी निघतील, पण फुटायच्या न्हाईत," असं ती कोल्हापूरभोवतीच्या गावागावांत छातीठोकपणे सांगायची. शेतात भांगलायला जाणाऱ्या बायका तिच्याकडूनच जाड काचेच्या बांगड्या भरायच्या. गंगव्वाच्या लेकीला, निलव्वालाही तिनंच भरल्या होत्या.

त्याच आठवड्यात गुऱ्हाळवाल्याच्या भाच्यानं निलव्वाला उसात ओढून नेलं. चावडीत पंच बसले. पोरीनं रडत रडत सगळं सांगितलं, तर एका पंचानं तिचे दोन्ही हात गावाला दाखवले.

"बघा की! बाराच्या बारा बांगड्या शाबूत हायत. झटापट झाली असती तर एक तरी फुटली असती का न्हाय? पोरगी राजीखुशीनं गेलती."

बायकांच्या घोळक्यातून हुसेनबी जिवाच्या आकांतानं पुढं धावली. "अण्णा, त्या माझ्या बांगड्या हायत! त्या फुटतच न्हाईत! ह्यो बघा!" म्हणत तिनं आपला बांगड्यांनी भरलेला हात चावडीच्या खांबावर दाणदाण आपटला. मनगट सोलून रक्त आलं, पण एकही बांगडी फुटली नाही.

पंच तोवर चपला घालून निघून गेले होते.

पुढच्या बाजारी पट्टी बांधलेल्या हातानं हुसेनबीनं पेटी उघडली. पहिलंच गिऱ्हाईक शांतादेवी, निलव्वाची शेजारीण. तिनं आपल्या नऊ वर्षांच्या लेकीचा हात पुढं केला आणि खाली मान घालून म्हणाली,



"भाबी, हिला कुणी नुसता हात धरला तरी फुटतील, अशा भरा."